पेन्सिलीतले एकोणीस

परीक्षेच्या दिवसांना स्वतःचा वास असतो. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याची सुतळी ज्याने कधी सोडली नसेल त्याला तो सांगून कळायचा नाही. सुतळी सुटली की आधी शाईचा वास येतो, मग घामट तळव्यांचा, आणि मागून हळूच कुणाच्या तरी कंपासपेटीत चिरडलेल्या चिंचगोळीचा. निवृत्त झाल्यावर हा वास माझ्या नाकापासून बरीच वर्षं लांब होता. आता तो घरात परत आलाय. माझी नात आम्रपाली चाकणच्या एका खासगी शाळेत सायन्स शिकवते, आणि तिचे गठ्ठे आमच्या चिंचवडच्या फ्लॅटमध्ये हॉलभर मांडी ठोकून बसलेत. शाळेत तिला आम्रपाली टीचर म्हणतात. मी आमू म्हणते.

मार्च महिना. गच्चीवर माझ्या कुरडया वाळतायत. खाली पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचांवर कडुलिंबाचा बारीक मोहर सांडलाय. दुपारी शिफ्ट सुटली की कंपन्यांच्या बसेस चौकात एकमेकींच्या अंगावर भुंकतात. अशा दिवसांत माझी झोप अजून पहाटेच मोडते. परीक्षा पोरांची, मग बाईंची झोप कशाला मोडते, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे.

आमच्या हॉलमध्ये एक फोटो आहे. निरोप समारंभाचा, शाल-श्रीफळवाला. त्यात मी छाती पुढे काढून अशी उभी आहे, जसं काही शाळेची इमारत माझ्याच पाठीला टेकून उभी होती. त्या बाईचं मला फार हसू येतं. घरात तिच्या गोष्टी सांगतात. आजी छत्तीस वर्षं शाळेत वाघिणीसारखी राहिली. आजीने हेडमास्तरांना सुनावलं. यातल्या बऱ्याच गोष्टी मीच पसरवल्या आहेत. अगदी खोट्या नाहीत. हेडमास्तरांना मी सुनावलं होतं, हे खरं आहे. फक्त ते खोलीतून बाहेर गेल्यावर.

नोकरी लागली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. वडील पिंपरीत फौंड्रीत कामाला. पहिल्या दिवशी ते पहिल्या पाळीचा खाडा करून माझ्या मागे दहा पावलं अंतर ठेवून चालत आले. फाटकापर्यंत आले. आत आले नाहीत. मी वळून बघितलं तर चप्पल नीट करायचं निमित्त करून खाली वाकले होते. स्टाफरूममध्ये गेले तर खिडकीजवळून एक आवाज आला, "या, या. चला, जागा भरली एकदाची."

कुणी वाकडं बोललं नव्हतं. उलट खुर्ची पुढे केली, चहा दिला. पण माणूस आला नव्हता, जागा भरली होती. ते वाक्य मी पदराला गाठ मारावी तसं मारून ठेवलं आणि पुढे कितीतरी वर्षं ती गाठ चाचपत राहिले. आपल्याला शिकवता येतं म्हणून आपण इथे नाही, राखीव जागांच्या कुठल्यातरी तक्त्यातला रकाना रिकामा होता म्हणून आहोत, असं माझं मलाच पटलं होतं. दुसऱ्या कुणी पटवायची गरज उरली नव्हती.

मग ती बावीस वर्षांची शहाणी काय करायची? पाठाचं टाचण सगळे एकदा लिहितात. ही दोनदा लिहायची. पाठ करायची. विनोदसुद्धा टाचणात लिहून न्यायची. समासात नोंद असायची : 'येथे मुले हसतील. आपणही थोडे हसावे.' मुलं हसायची नाहीत, ही हसायची. टाचणात नसलेलं काही कुणी विचारलं, की "खाली बस. पुढच्या तासाला." वर्गातल्या खुर्चीवर तर पहिली पाच वर्षं टेकलीच नाही. आपल्याला बसलेलं कुणी बघायला नको. पोरांची आपसात खात्री पटली होती, की बाईंना मूळव्याध आहे.

आमच्या पर्यवेक्षिका होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. स्वभावाने प्रेमळ. स्वतःच्या डब्यातले दडपे पोहे आग्रहाने माझ्या ताटलीत वाढायच्या. माझा डबा पुढे केला की म्हणायच्या, "आज माझा उपास गं." सोमवारी उपास, मंगळवारी उपास, बुधवारीही काहीतरी निघायचंच. एकदा मी मुद्दाम साबुदाण्याची खिचडी नेली. त्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं होतं. ही गोष्ट मी घरी चवीने सांगते आणि सगळे हसतात. पण त्यानंतरही रोज मी डबा पुढे करत होते, आणि उपास ऐकल्यावर "बरं बरं" म्हणून हसत होते, हे सांगायचं राहून जातं.

सांगायचं राहून गेलेलं आणखी एक आहे. त्याचंच हे सगळं.

परवाच्या रविवारी दुपारी मी कुरडया उलटून खाली आले तर आमू गठ्ठ्यांच्या मधोमध लाल पेन हातात धरून नुसती बसलेली. पेपर एकही हललेला नाही.

"काय गं, नापास करायला मन होईना का?"

"आजी, मी शाळा सोडतेय," ती म्हणाली. "अर्ज टाइप करून ठेवलाय मोबाईलमध्ये. उद्या सकाळी पाठवते. मैत्रीण आहे ना माझी, चाकणच्या कंपनीत, क्वालिटीला? तिथे लॅबमध्ये घेतायत."

मी खाली बसले. गुडघे कुरकुरले, मी नाही.

हळूहळू बाहेर आलं. तिच्या पाचवीच्या वर्गात समृद्धी नावाची मुलगी आहे. आईबाप लातूरकडचे, बाप कंपनीत. त्या मुलीने एका रविवारी आमूला चाकणच्या विहारात पाहिलं. आपल्या टीचर आपल्यातल्या आहेत, हे कळल्यावर तिला आभाळ ठेंगणं झालं. सोमवारी शाळेच्या गेटवर पोरगी धावत आली आणि खणखणीत म्हणाली, "जय भीम, टीचर!" आमूनेही तितक्याच खणखणीतपणे उत्तर दिलं. मधल्या सुट्टीत कोऑर्डिनेटर मॅडमनी बोलावून घेतलं. "आम्रपाली, स्कूलमध्ये आपण सगळे गुड मॉर्निंग म्हणतो, नाही का? गेटवर पॅरेंट्स असतात."

"आणि आजी, गेटवरचा वॉचमन आळंदीचा माळकरी आहे. तो येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना राम कृष्ण हरी म्हणतो. ते चालतं."

"मग तू काय म्हणालीस मॅडमना?"

"ओके मॅम म्हणाले." आमूने पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "ते पण ठीक आहे. पण दुसऱ्या दिवशी समृद्धी परत आली. जय भीम, टीचर. आणि मी नुसती मान हलवली. आजी, आवाजच निघाला नाही माझा. पोरगी बघत राहिली माझ्याकडे. मी नाही टिकणार गं तिथे. तुझ्यासारखी हिंमत नाही माझ्यात. तू असतीस तर गेटवरच ठणकावलं असतंस."

वर भिंतीवर ती शाल-श्रीफळवाली छाती काढून उभी होतीच.

माझ्या नोकरीला पाच वर्षं होत आली होती. वंदना तेव्हा नववीत होती. आमच्याच वस्तीतली, पिंपरीत, आमच्या मागून दुसऱ्या गल्लीत राहायची. संध्याकाळी पेपर वाचायला आमच्या ओट्यावर यायची, तेव्हा मी ताई. शाळेत बाई. हे तिचं तिनेच ठरवलं होतं, मी सांगितलं नव्हतं. "मला तुमच्यासारखी बाई व्हायचंय," असं ती एकदा म्हणाली, आणि मी तिला ओट्यावरची माती झटकायला लावली. काय बोलावं हे टाचणात नव्हतं ना.

वार्षिक परीक्षेचा आठवडा. मराठीची तोंडी परीक्षा माझ्याकडे, वीस गुणांची. सकाळी व्हरांड्यातून मी मोठ्या बाईंच्या बरोबर चालले होते. समोरून वंदना आली. परीक्षेचा दिवस, घरून पाया पडून निघालेली असणार, अंगात उत्साह मावत नव्हता. हात जोडून म्हणाली, "जय भीम, बाई!"

मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. वाईट नजरेने नाही हो. माणूस दुसऱ्याच्या हातातल्या पिशवीत काय आहे ते बघतो, तसं.

आणि मी पुढे चालत गेले. जसं काही पोरगी दुसऱ्याच कुणाशी बोलली होती. दहा पावलांवर घंटेपाशी आमचे शिपाई कोंडिबा मामा उभे होते. जुने इथले, मावळातले. मोठ्या बाई आत गेल्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, पोरीनं हात जोडलं हुतं. तुमी बघितलं बी न्हाई."

"दिसली नाही मामा."

"व्हय, व्हय," मामा म्हणाले आणि घंटा वाजवायला वळले. घंटेची वेळ व्हायला अजून पाच मिनिटं होती.

मी परत फिरले. वाटलं असेल तुम्हाला, उत्तर द्यायला फिरले. मी वंदनाला कोपऱ्यात घेतलं आणि म्हटलं, "शाळेत नमस्कार म्हणावं." तिने मान डोलावली. हुशार मुलगी होती. एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

दुपारी तिची पाळी आली. पत्रा तापून वर्गात भट्टी झालेली. मी ठरलेले प्रश्न विचारले, तिने ठरलेली उत्तरं दिली. मग न विचारता ती म्हणाली, "बाई, या धड्याचा शेवट मला पटत नाही. सांगू?" आणि टेबलाला दोन्ही हात टेकून ती बोलत सुटली. त्या धड्यातला माणूस शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतो. तिचं म्हणणं, त्याला कुणी विचारलंच नाही त्याच्या मनात काय आहे ते, मग त्याने माफ केलं कसं? मी ऐकत राहिले. हे माझ्या टाचणात नव्हतं. कुणाच्याच नव्हतं. पण तिथवर ती माझ्या तासांमधून चालत आली होती, हे मला दिसत होतं. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं, की अरे, मला शिकवता येतं. नकळत मी खुर्चीवर बसलेसुद्धा.

तोंडीचे गुण आधी पेन्सिलीने मांडायची पद्धत. सगळा वर्ग झाला, की एकदा नजर फिरवून मग शाईने कायम करायचे. मी वंदनाच्या नावापुढे पेन्सिलीने एकोणीस लिहिले.

नंतरच्या छोट्या सुट्टीत स्टाफरूममध्ये सहज बोलणं निघालं. नववीत पहिलं कोण येणार? लेखी पेपरचे गुण बहुतेकांचे झाले होते. वंदना आणि दुसरी एक मुलगी, दोघींत दोन-तीन गुणांचा फरक. मोठ्या बाई खुर्चीच्या पाठीला रेलून हसत मला म्हणाल्या, "म्हणजे आता तुमच्या तोंडी परीक्षेवर आहे सगळं. तुमचीच आहे ना ती?"

एवढंच. कुणी मला गुण कापायला सांगितलं नाही. कुणी धमकावलं नाही. हे मी इतक्या वर्षांत स्वतःला पुन्हा पुन्हा बजावलंय, कारण दोष टाकायला एखादा खलनायक सापडला असता तर फार बरं झालं असतं. मी वर्गात गेले, रबर काढलं, एकोणीस खोडले आणि शाईने चौदा लिहिले. बाईंनी आपल्या माणसाला वर काढलं, असं कुणी म्हणू नये. दुसऱ्या कुणाही मुलीला मी आनंदाने एकोणीस दिले असते, आणि माझ्या न्यायबुद्धीचं कौतुक करून घेतलं असतं.

वंदना दुसरी आली. फाटकाजवळच्या फळ्यावर दुसऱ्याच मुलीचं नाव रंगीत खडूंनी लिहिलं गेलं. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही अगदी निःपक्षपाती आहात हं." आणि सांगायला लाज वाटते, मला ते ऐकून आनंद झाला. घरी जाताना रस्ताभर मी तो शब्द तोंडात घोळवत होते.

जे कळायला मला फार वर्षं लागली ते हे, की ते एकोणीस एकट्या वंदनाचे नव्हते. माझेही होते. मला शिकवता येतं, याचा तो एकच पुरावा माझ्या हातात आला होता, आणि मी तो माझ्याच हाताने खोडला होता. मग पुढची वर्षं पुन्हा दोनदा टाचण लिहीत बसले.

आणखी एक. तोंडी परीक्षेला मुलं टेबलासमोर उभी असतात, आणि कुठलंही पोर समोरच्या कागदावरचं उलटं वाचायला शिकलेलंच असतं. वंदनाने पेन्सिलीतले एकोणीस पाहिले होते. त्या दिवशी ती उड्या मारत गेली होती, ती त्यामुळेच. निकालाला चौदा पाहून ती माझ्याकडे आली नाही, काही विचारलं नाही. जूनमध्ये दहावीचा वर्ग सुरू झाला तेव्हा व्हरांड्यात समोरून आली, हात जोडले आणि म्हणाली, "नमस्कार, बाई." ओट्यावर पेपर वाचायला ती पुन्हा आली नाही.

हे सगळं मी आमूला सांगितलं. मधे एकदा कुकरची शिट्टी झाली, तेवढाच विराम.

"म्हणजे तू घाबरायचीस?" आमूने विचारलं.

"रोज. तू निदान मान तरी हलवलीस. मी तेवढीही नव्हती हलवली."

"मग छत्तीस वर्षं टिकलीस कशी?"

"टिकायला काय लागतं गं? लोणचंही टिकतं. मिठात बुडून, झाकण लावून कोपऱ्यात राहायचं. त्याला कुणी हिंमत म्हणत नाही." मी हसले, पण ती हसली नाही. तेव्हा मी नीट बोलले. "अकरा वर्षं राजीनामा लिहून पर्समध्ये घालून फिरत होते. कागदाच्या घड्या फाटल्या, की नवा लिहायचा. पण समोर साठ चेहरे असायचे ना, त्यातला एखादा मधेच उजळायचा. तेवढ्यावर पुढचा दिवस निघायचा. हिंमत वगैरे फार नंतर आली. येऊन तरी किती आली, देव जाणे."

"आणि ती वंदना?"

ही मात्र तिने चांगलीच नस पकडली. काही वर्षांपूर्वी वंदना मला पिंपरी कॅम्पात भेटली. कपड्यांच्या दुकानाबाहेर, केस पिकलेले, बरोबर सून. कंपनीत पॅकिंगला होती, आता घरी असते, म्हणाली. माझ्या चौदा गुणांमुळे ती शिक्षिका झाली नाही, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे स्वतःलाच मोठं करणं. घरच्या शंभर गोष्टी असतात. पण गर्दीत मला ओळखल्याबरोबर तिने पिशव्या खाली ठेवल्या, हात जोडले आणि हसून म्हणाली, "नमस्कार, बाई."

एकदा सांगितलेलं तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

"मग तू म्हणायचंस ना जय भीम! तू आधी म्हणायचंस!" आमू जवळजवळ ओरडली.

"जिभेवर आलं होतं गं. तिच्या सुनेला 'कुठल्या गावची तू' असं विचारत बसले."

आमूने पेपर गोळा केले आणि सुतळी इतकी करकचून बांधली, की गठ्ठ्याला कंबर आली. "लहानपणापासून मी तुझी खोटी गोष्ट ऐकत आले," ती म्हणाली आणि तिच्या खोलीत गेली. मी गच्चीवर जाऊन कुरडया काढल्या. दोन तुटल्या, त्या खाऊन टाकल्या.

सोमवारी सकाळी ती निघाली तर मी दारात साडी नेसून तयार.

"कुठे?"

"चाकणला. कांदे आणायला."

"कांदे खाली मिळतात."

"चाकणचे हवेत."

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती. नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले ट्रेलर रांगेत उभे होते आणि त्यांच्या मधून आमची बस वाट काढत होती. मोशी गेल्यावर ती म्हणाली, "अर्ज आज नाही पाठवत. उद्याचं उद्या बघू. आणि तुझ्यासाठी नाही हं."

"माझ्यासाठी कोण काय करतंय? मी कांद्यांना चाललेय."

शाळेच्या गेटपाशी मी दहा पावलं मागे थांबले. वॉचमन खरोखरच माळकरी, कपाळाला बुक्का, हातात रजिस्टर. एक व्हॅन आली, पोरं उतरली. दोन वेण्यांची एक किडकिडीत मुलगी आमूपाशी आली. मी कान टवकारले.

"गुड मॉर्निंग, टीचर," ती खाली बघून म्हणाली.

एका नुसत्या मान हलवण्याने ही पोरगी शिकली होती. वंदनाइतकीच हुशार.

आमू थांबली. गेटवर तीन-चार आया होत्या, एक बाप हेल्मेट काढत होता. आत काचेच्या दारामागे एक साडी उभी होती, ती मॅडमच असणार. मला चप्पल नीट करायची फार तीव्र इच्छा झाली. मी वाकले नाही. आमू त्या पोरीच्या उंचीला खाली बसली आणि म्हणाली, "जय भीम, समृद्धी."

तिचा आवाज फार मोठा नव्हता. किंचित कापलाही. पण तो निघाला होता.

पोरीने आधी काचेच्या दाराकडे पाहिलं. मग आमूकडे. "जय भीम, टीचर!" पुढे काहीच झालं नाही. बापाने हेल्मेट आरशाला अडकवलं. आयांचं बोलणं चालू राहिलं. काचेमागची साडी कुणाशी तरी फोनवर बोलत होती. ती संध्याकाळी आमूला बोलावून घेईलही, आमूला ते ठाऊक होतं. पण आत्ता, या क्षणी, मी आयुष्यभर ज्याला घाबरले ते एवढंसं होतं. दोन शब्द, आणि नंतर पोरांची घाई. त्या गेटवर उभं राहून मला जितकी लाज वाटली, तितकी पिंपरी कॅम्पातसुद्धा वाटली नव्हती.

तेवढ्यात समृद्धीने माझ्याकडे बोट दाखवून टीचरना काहीतरी विचारलं, आणि वेण्या उडवत माझ्यासमोर येऊन हात जोडून उभी राहिली. "जय भीम, आजी!"

आणि मी, जिचा आवाज एका व्हरांड्यात अडकून राहिला होता, इतक्या मोठ्याने उत्तर दिलं, की रस्त्यापलीकडची कुत्री उठली. वॉचमनच्या हातातलं रजिस्टर खाली पडलं. त्याने ते उचललं, छातीशी धरलं आणि हात जोडून म्हणाला, "राम कृष्ण हरी, माउली."

आमू लगबगीने माझ्याजवळ आली आणि दंडाला धरून कानात म्हणाली, "आजी, हळू. शाळा आहे ही."